खिडकीवर विचारा

१

उद्यानाच्या माहिती खिडकीवर बसून मला सव्वीस वर्षं झाली. समोर समुद्र, मागे भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता, डाव्या हाताला नकाशांची चळत, उजव्या हाताला गार झालेला चहा. लोक येतात आणि तेच तेच विचारतात. स्वच्छतागृह कुठे, सावली कुठे मिळेल, पाणी कधी चढतं. आमच्याकडच्या पुळणी ओहोटीला उघड्या पडतात आणि भरतीला कड्यापर्यंत बुडतात, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तक्ता बघितल्याशिवाय द्यायचं नाही, असा नियम आहे. नव्या मुलींना तो मीच शिकवते. वळायचं, बोट ठेवायचं, वाचायचं, मग बोलायचं. त्यांना तो पोरखेळ वाटतो. मी पुन्हा करून घेते.

भाचीचं लग्न ठरलं आणि तिने हट्ट धरला की ते उद्यानाच्या कडेच्या विश्रामगृहातच करायचं, समुद्र दिसेल असं. ताईला ते फारसं पटलं नव्हतं. एकोणीस वर्षं ताईने या समुद्राकडे पाठ फिरवली होती. पण एकुलत्या एक मुलीपुढे कुणाचं काय चालतं! ताईचा फोन आला.

"हे बघ, पाहुणे दोन-दोन दिवस आधी येणार आहेत. नुसते बसले तर एकमेकांची उणीदुणी काढतील. तू एक कागद करून दे. काय बघायचं, कसं जायचं. तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

मी कागद केला. सहा ठिकाणं लिहिली. दीपगृह: पायऱ्या एकशे बारा, गुडघ्यांचं दुखणं असेल तर खालूनच कौतुक करावं. पक्षी बघायची झोपडी: आत बोलू नये, पक्ष्यांना लग्नाच्या गप्पांत रस नसतो. व्हेलच्या सांगाड्याचं छोटं संग्रहालय, वाळूच्या टेकड्या, कड्यावरची वाट, आणि दक्षिणेची लाकडी जिन्याची पुळण, तीही फक्त ओहोटीला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं: निघण्यापूर्वी माहिती खिडकीवर विचारा.

ताईला कागद फार आवडला. "तू लेखिकाच व्हायची होतीस," म्हणाली. चाळीस प्रती मीच काढल्या, मीच घडी घातली, मीच खोल्याखोल्यांतून ठेवल्या. सहाच ठिकाणं होती. हे मी पुन्हा सांगते आहे, कारण पुढे माझा माझ्यावरच विश्वास राहिला नाही आणि मी कचऱ्याच्या टोपलीतून प्रती काढून त्यांवरची ठिकाणं मोजली.

२

शुक्रवारी अकराच्या सुमाराला मुलाकडचे दंतवैद्य आणि त्यांची बायको खिडकीशी आले. दोघंही गोल, हसरे, उन्हाने लाल झालेले. दंतवैद्यांना माणूस भेटला की आधी त्याच्या दातांकडे बघायची सवय होती, त्यामुळे मी ओठ मिटूनच हसले.

"काय सुंदर जागा सुचवलीत हो!" बायको म्हणाली. "तुमचा कागद हातात घेऊनच निघालो होतो. दीपगृह बंद होतं, पण त्या पुळणीने सगळी भरपाई केली."

"लाकडी जिन्याची ना? आवडते सगळ्यांना."

"लाकडी कुठला? लोखंडी. हिरवा रंग लावलेला," दंतवैद्य म्हणाले. "चौऱ्याण्णव पायऱ्या. माझ्या गुडघ्यामुळे मी मोजूनच चढतो-उतरतो. येतानाही चौऱ्याण्णवच भरल्या."

मी चहाचा कप उचलला आणि तो रिकामा आहे हे लक्षात येऊनही तोंडाला लावला.

"ती जागा माझ्या कागदावर नाही," मी म्हणाले.

"आहे की. सातवी." त्यांनी खिशातून कागद काढला, उलगडला, चष्मा वर-खाली केला. मग बायकोने घेतला. तिने मागची बाजूही बघितली. "अगंबाई. मी तर तुम्हाला सकाळी मोठ्याने वाचून दाखवलं होतं."

"मीही ऐकलं होतं," दंतवैद्य म्हणाले, आणि दोघं जरा ओशाळून हसले. वय झालं की असं होतं, असं त्या हसण्याचं म्हणणं होतं.

जाता जाता बायको परत वळली. "हां, विसरलेच. खाली एक जण उभा होता. चांगला मुलगा आहे, बोलका. त्याने विचारलंय, पाणी कधी चढतं? आम्हाला काही सांगता येईना. तर म्हणाला, खिडकीवर विचारून या ना."

"बाहेर फळा लावलाय," मी म्हणाले. "त्यावर लिहिलेलं असतं."

माझा आवाज एरवी लागतो तसाच लागला, याचं मला तेव्हा बरंसुद्धा वाटलं.

ते गेल्यावर मी खाली बघितलं. खिडकीपुढच्या फरशीवर त्यांच्या बुटांतून थोडी वाळू पडली होती. मी केरसुणी आणि सुपली घेऊन बाहेर आले. आमच्या किनाऱ्याची वाळू पांढरी आहे, पिठासारखी. सुपलीतली वाळू जाड होती आणि तांबडी.

३

तांबडी वाळू आमच्या हद्दीत एकाच जागी होती. आम्ही तिला लाल पुळण म्हणायचो. तिथे उतरायचा लोखंडी जिना अठरा वर्षांपूर्वी कापून काढला. नंतर वरून कड्याचा एक भलामोठा तुकडा कोसळला आणि पुळणही गडप झाली. आता तिथे काळे दगड आणि त्यांवर आपटणारं पाणी, एवढंच आहे. नकाशावर ती जागा नाही. नवीन मुलींना नावही ठाऊक नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी वनरक्षकांना म्हटलं, "जरा माझ्याबरोबर चला." ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, उंच आणि अबोल. जिना कापायच्या कामावर तेच होते.

वाट बुजली होती. काटेरी झुडपं हातांनी बाजूला करत आम्ही कुंपणापर्यंत पोचलो. कुंपणाचं फाटक गंजलं होतं आणि त्याला साखळी होती. पलीकडे खडकात रुतलेले चार बोल्ट, डोक्यापासून सपाट कापलेले. त्यानंतर नुसती हवा.

"कुणी आलं होतं का इथे?" मी विचारलं.

वनरक्षकांनी झुडपांकडे बघितलं, माझ्या खरचटलेल्या हातांकडे बघितलं. "आत्ता आपण आलो, मॅडम. त्याआधी वर्षभरात कुणी नाही."

"पाहुण्यांपैकी एक जण म्हणत होते, चौऱ्याण्णव पायऱ्या."

"लाकडी जिन्याच्या किती?" त्यांनी विचारलं.

"एक्केचाळीस."

"दोनदा चढले-उतरले असतील. मोजण्यात गोंधळ झाला असेल."

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. दोनदा एक्केचाळीस म्हणजे ब्याऐंशी, वर बारा इकडे-तिकडे. वाळूचं काय, कुठल्या तरी कुंडीतली असेल. विश्रामगृहाने लग्नासाठी नव्या कुंड्या आणल्या होत्या, त्यांत तांबडी माती होतीच. परत येताना मी अगदी हलकी झाले होते. वनरक्षकांना मी एक विनोदही सांगितला. ते हसले नाहीत, पण ते एरवीही हसत नाहीत.

खिडकीशी आले तर सुपली मी ठेवली होती तिथेच होती. वाळूच्या खाली पत्रा ओला झाला होता.

४

आता ते सांगायलाच हवं.

आम्ही तीन भावंडं. ताई, मी आणि धाकटा. त्याला आम्ही भोवरा म्हणायचो, कारण एका जागी तो कधी ठरलाच नाही. घरात शिरला की आधी स्वयंपाकघरात जायचा, तिथून गच्चीवर, तिथून शेजाऱ्यांकडे. नोकऱ्या बदलायचा, गावं बदलायचा. त्याच्यावर रागावणं अवघड होतं, पण मला ते जमायचं.

त्या वर्षी आईचं ऑपरेशन होतं. दोन दिवस दवाखान्यात तिच्याजवळ भोवऱ्याने थांबायचं ठरलं होतं. तो आला नाही. मी रजा काढून बसले, खुर्चीवर झोपले. तिसऱ्या दिवशी साहेब उगवले, नाक उन्हाने सोललेलं, हातात आईसाठी शिंपल्यांची पिशवी. आईने त्याला जवळ घेतलं. मी उठून गेले. आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही.

नंतर एका दुपारी तो माझ्या खिडकीशी आला. रांग होती. तो रांगेत उभा राहिला, आपली पाळी आल्यावर वाकला आणि पर्यटकांसारखा आवाज काढून म्हणाला, "बाई, लाल पुळणीवर पाणी कधी चढतं हो?"

मला हसवायला आला होता. मी मान वर केली नाही. तक्ता पाठीमागे दोन हातांवर होता. मी वळले नाही. कामावरून सुटायची वेळ पाच होती, तीच तोंडात आली.

"पाच वाजता," मी म्हणाले. "पुढचे या."

तो क्षणभर उभा राहिला. मग "धन्यवाद, बाई," म्हणून गेला.

त्या दिवशी पाणी सव्वातीनला चढलं.

तो सापडला नाही. होड्या गेल्या, दोऱ्या टाकल्या, चार दिवस शोधलं. उद्यानाच्या मोठ्या साहेबांनी मला खोलीत बोलावलं. सौम्यपणे विचारलं, "तुमच्या भावाने जाण्यापूर्वी तुम्हाला काही विचारलं होतं का?"

मी म्हणाले, "नाही."

एवढंच. त्यानंतर सगळे म्हणायला लागले, पोराला कुणाला विचारायची सवयच नव्हती. ताई म्हणाली, वनरक्षक म्हणाले, घरी येणारा प्रत्येक जण म्हणाला. आई दोन वर्षांनी गेली. शेवटच्या आठवड्यात मी तिच्या उशा सारख्या करत होते तेव्हा ती म्हणाली, "एकदा विचारलं असतं गं त्याने. तू तिथेच तर होतीस." मी उशीचा अभ्रा ओढून ताठ केला. त्यावर एकही सुरकुती राहू दिली नाही.

५

शनिवारी संध्याकाळी लग्न होतं. मी अर्धा दिवस खिडकीवर बसायचं ठरवलं होतं. खिडकीवरची जोडीदारीण रजेवर होती आणि मला विश्रामगृहातल्या गडबडीपेक्षा इथेच बरं वाटत होतं. सकाळी आल्याआल्या तक्ता वाचला. पाणी एक वाजून दहा मिनिटांनी चढणार होतं. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. मग फळा उचलून अगदी वाटेच्या तोंडाशी नेऊन ठेवला.

साडेअकराला विहीणबाई आल्या. ताईची विहीण म्हणजे भारदस्त बाई, शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. वेडंवाकडं बोलणार नाहीत, कुणाची थट्टा करणार नाहीत. त्यांचे कपडे गुडघ्यापर्यंत ओले होते.

"तुमच्या नात्यातल्या कुणाला तुम्ही लग्नाला बोलवायचं विसरलात की काय?" त्यांनी विचारलं. कौतुकाने हसत होत्या.

"का हो?"

"खाली पुळणीवर एक जण भेटला. किती अदबीने बोलला! मी म्हटलं, आज माझ्या मुलाचं लग्न आहे. म्हणाला, कुणाशी? मी तुमच्या ताईंचं नाव सांगितलं. तर त्याचा चेहरा असा काही उजळला. म्हणतो, 'ताईची मुलगी एवढी मोठी झाली? लग्नाची झाली?' डोळ्यांत पाणी आलं हो त्याच्या. निदान मला तरी तसं वाटलं, आधीच चिंब होता बिचारा."

खिडकीची चौकट मी दोन्ही हातांनी धरली होती.

"म्हणाला, मलाही यायचंय लग्नाला. फक्त पाणी कधी चढतं ते आधी कळलं पाहिजे, म्हणजे वेळेत वर येता येईल. मी म्हटलं, फळ्यावर एक दहा लिहिलंय. तर मान हलवली. म्हणतो, 'फळ्यावरचं नको. खिडकीवरच्या बाईंना विचारून या. त्या सांगतील तेच खरं.'"

मी उत्तर द्यायला हवं होतं. मागे वळायचं, बोट ठेवायचं, वाचायचं, बोलायचं. सव्वीस वर्षं शिकवलेलं. मी म्हणाले, "कुणीतरी चेष्टा करतंय तुमची. तिथे कुणी राहत नाही."

विहीणबाईंचा चेहरा उतरला. "माझी चेष्टा सहसा कुणी करत नाही," त्या म्हणाल्या आणि ओली पावलं उमटवत निघून गेल्या.

मला तेव्हाच उठायला हवं होतं. मी बसून राहिले. एक कुटुंब आलं, त्यांना नकाशा दिला. एका बाईला स्वच्छतागृह दाखवलं. मनाशी म्हणत होते, कुणीतरी जुना माणूस असेल, ज्याला आमची गोष्ट ठाऊक आहे. लोकांना दुसऱ्याच्या दुःखाची गंमत वाटते. असे लोक असतात. कसा दिसत होता, हे मी विहीणबाईंना विचारलं नव्हतं. विचारावंसं वाटलं नाही, कारण त्यांनी सांगितलं असतं.

पाऊण वाजता टेबलावरचा फोन वाजला. भाची होती.

"मावशी, आई तुझ्याकडे आहे का?"

"नाही गं. का?"

"सासूबाईंशी काहीतरी बोलली आणि अर्धवट विंचरलेले केस तसेच सोडून उठली. कुठे निघालीस म्हटलं, तर म्हणाली, आलेच, तुझ्या मामाला घेऊन येते. मावशी, कुठल्या मामाला?"

६

मी पळाले. पंचावन्न वर्षांच्या बाईने पळावं तशी, थांबत, धापा टाकत, एक चप्पल तुटली ती तिथेच टाकून.

झुडपं बाजूला सारावी लागली नाहीत. वाट मोकळी होती, पायांखाली वापरातल्या वाटेसारखी घट्ट. कुंपणाचं फाटक उघडं होतं. त्याच्या पलीकडे कठडा होता. हिरवा, लोखंडी, ओला. मी त्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. इतका गार होता की जणू तो आत्ताच पाण्याखालून वर आला होता.

खाली बघायचं धाडस मला झालं नाही. मी कठड्यापासून एक पाऊल मागे उभी राहून ऐकत होते. खाली लाटा होत्या, पण लांबच्या, वाळूवर पसरणाऱ्या. दगडांवर आपटणाऱ्या नव्हेत. आणि त्यांच्या वर ताईचं हसणं ऐकू येत होतं. एकोणीस वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं, त्यामुळे ओळखायला क्षण लागला. दम लागेपर्यंत हसायची ती, आम्ही तिघं एका खोलीत झोपायचो तेव्हा.

"ताई!" मी ओरडले. "ताई, वर ये!"

"अगं, तूच ये ना खाली!" तिचा आवाज कुठून तरी खोलवरून, पण स्पष्ट आला. "बघ कोण आहे! आणि हे बघ, हा विचारतोय, पाणी कधी चढतं?"

मी घड्याळ बघितलं. एक वाजायला चार मिनिटं होती.

"एक दहाला!" मी ओरडले. "एक वाजून दहा मिनिटांनी! मी तक्ता बघितलाय, सकाळी बघितलाय! ताई, निघ तिथून!"

खालचं हसणं थांबलं. लाटासुद्धा थांबल्यासारख्या वाटल्या. मग दुसरा आवाज आला. मोठा नव्हता. रांगेतून वाकून बोलावं तसा, जवळचा, थोडा नाटकी.

"नक्की ना, बाई?"

मी फाटकाचा खांब धरून खाली बसले आणि एकोणीस वर्षं जे गिळलं होतं ते सगळं बाहेर पडलं.

"नक्की! या वेळी नक्की! त्या दिवशी मी बघितलं नव्हतं. मागे वळलेसुद्धा नाही. तू विचारलं होतंस रे. तू रांगेत उभा राहून मला विचारलं होतंस, आणि मी सगळ्यांना सांगितलं की नाही विचारलं. आईलासुद्धा. माझं चुकलं. ऐकतोयस ना? माझं चुकलं. ये वर!"

ये वर. हे मी म्हणाले होते. माझ्या तोंडाने, मोठ्याने. हे मला विसरता येत नाही.

लोखंडावर पावलं वाजायला लागली. आधी ताईची, मी ती ओळखत होते, डाव्या पायावर जरा जास्त भार देणारी. आणि तिच्या मागे, चार-पाच पायऱ्यांचं अंतर ठेवून, दुसरी. ओली, चपटी, अनवाणी. एका पायरीवर टेकायची, थांबायची, पुन्हा टेकायची. इतक्या वर्षांनी चालणारा माणूस चालेल तशी. मी मोजत होते. मोजायचं नव्हतं तरी मोजत होते. सत्तर. ऐंशी. वास आला, दमट कपाटासारखा.

ताईचं डोकं वर आलं, मोकळे केस, ओला चेहरा. ती हसत होती. "येतोय गं," ती म्हणाली. "हळू येतोय, पण येतोय. त्याला हात दे."

तिच्या खांद्यामागे, कठड्यावर, खालून एक हात आला आणि लोखंड धरून थांबला. फार वेळ पाण्यात राहिल्यावर बोटं जशी होतात, पांढरी आणि चुण्या पडलेली, तशी ती होती. फक्त ती फारच जास्त वेळ राहिली होती.

मी ताईचं मनगट धरलं आणि ओढलं. ती किंचाळली. मी तिला फाटकाबाहेर ओढलं, फाटक लाथेने लोटलं, झुडपांतून, काट्यांतून, पडत, उठत तिला ओढत नेलं. मागे पावलांचा आवाज थांबला होता. कुणी हाक मारली नाही. मला वाटलं होतं, मारेल.

वाटेच्या तोंडाशी वनरक्षक भेटले, आमच्याकडेच पळत येत होते. त्यांनी ताईला सावरलं. मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं, बराच वेळ बघितलं. "काही नाही, मॅडम," ते म्हणाले. "दगडांवर पाणी आपटतंय." खरंच, आपटण्याचा आवाज येत होता.

एक वाजून अकरा मिनिटं झाली होती.

७

लग्न झालं. ताईने कपडे बदलले, केस विंचरले, सगळ्यांशी हसून बोलली. ताई पाय घसरून पडली असं भाचीला सांगितलं आणि तिनेही मानलं, कारण तिला त्या दिवशी दुसरी बरीच व्यवधानं होती. दंतवैद्यांनी भाषण केलं, त्यात माझ्या कागदाचा उल्लेख केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून मान लववली. दाराच्या जवळची एक खुर्ची रिकामी होती. कुणी तिच्यावर बसायला गेलं की ताई म्हणायची, "तिथे नको." जेवणं होईपर्यंत ताई दाराकडे बघत होती. मीही बघत होते, पण आम्ही एकाच कारणासाठी बघत नव्हतो.

रविवारी सकाळी पाहुण्यांच्या गाड्या निघायला लागल्या. ताईचं सामान मी गाडीत ठेवलं. ती पुढच्या सीटवर बसली होती, पट्टा लावलेला, हात मांडीवर. ड्रायव्हर किल्ली आणायला आत गेला होता. आदल्या दुपारपासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"ताई," मी म्हणाले. "आईला मी सांगायला हवं होतं. तुलाही."

"हो," ती म्हणाली.

"मला माफ करू नकोस. पण काहीतरी बोल."

तिने काचेतून समोर बघितलं. तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ निळे पडले होते.

"चुकीची वेळ सांगितल्याबद्दल त्याने तुला एकदाही बोल लावला नाही," ती म्हणाली. "खाली मी त्याला विचारलं, अरे, कुणाला विचारलं का नाहीस? तर नुसता हसला. तुझं नाव त्याने घेतलं नाही. तू वरून ओरडलीस तेव्हा मला कळलं."

मी दार धरून उभी होते.

"तो कसा दिसत होता, ते मी तुला सांगणार नाही," ताई म्हणाली. "ते माझं आहे. पण एक सांग. तो माझ्या मागे चढत होता. चारच पायऱ्या राहिल्या होत्या. तूच म्हणालीस, ये वर. मग मला का ओढलंस?"

"भीती वाटली," मी म्हणाले.

ताईने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. एखादा पत्ता विचारणाऱ्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

"कुणाची?" तिने विचारलं. "भोवऱ्याची?"

ड्रायव्हर आला. ताईने काच वर केली.